‘भाऊ, एक सांगू का?’ म्हणणाऱ्याचे पण आभार माना की

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत कामाच्या जागी एकमेकांना थँक्यू म्हणत जा असा एक लेख आला होता. वाचला, बरा होता, पण अर्ध्यावरच थांबला असं वाटलं म्हणून हे पत्र. मी काही लेखक-बिखक नाही, जळगावच्या एमआयडीसीत एका डाळ मिलमध्ये सुपरवायझर आहे, बावीस वर्षं झाली. मोबाईलवर टाइप करतोय तर ऱ्हस्वदीर्घाचं तुम्ही बघून घ्या. आणि माझं नाव छापू नका, मिलचं पण नको, शेठ चांगला माणूस आहे.

तर मुद्दा असा की आपल्याकडे आभार मानतात कोणाचे? जो रात्री उशिरापर्यंत थांबला त्याचे, ज्यानं टार्गेट मारलं त्याचे, आणि मिटिंगमध्ये साहेबानं काही म्हटलं की ज्यानं पहिली मान डोलावली त्याचे. जो म्हणाला की ‘साहेब, मला हे पटत नाही’, त्याला कधी कोणी थँक्यू म्हटलेलं मी तरी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याला आपण काय म्हणतो, तर शहाणा. तू लई शहाणा आहे का. झालं, पुढच्या मिटिंगपासून तो पण मान डोलावतो आणि मग जे बोलायचं ते गेटबाहेर टपरीवर बोलतो. आमच्या एमआयडीसीतल्या टपऱ्यांवर कटिंग पिता पिता जेवढी अक्कल वाया जाते ना तेवढी आत वापरली तर अर्ध्या मिलांचा उतारा (म्हणजे किती तुरीतून किती डाळ पडली) वाढेल.

आणि तसं पाहिलं तर आपण आभार मानणारी माणसं पण नाहीच. घरात बायकोनं पाण्याचा तांब्या दिला आणि धन्यवाद म्हटलं तर ती कपाळाला हात लावून बघेल ताप आहे का. कार्यक्रमात आभार प्रदर्शन सुरू झालं की लोक चपला शोधायला लागतात. त्यामुळे हे थँक्यू प्रकरण आपल्या जिभेला जरा परकंच आहे हे मान्य. पण उपकार हा शब्द मात्र आपल्याला पक्का माहिती आहे आणि खरी गोम तिथंच आहे.

आमच्या मिलमध्ये बहुतेक माणूस कोणाच्या ना कोणाच्या शब्दावर लागलेला. कोणी शेठच्या गावचा, कोणी मुनीमजींच्या नात्यातला, कोणाला पोरीच्या लग्नाला उचल दिलेली, कोणाच्या बापाच्या ऑपरेशनला शेठनं गाडी दिलेली. आता असा माणूस शेठला तोंडावर म्हणेल का की शेठजी हे तुम्ही चुकीचं करताय? तो म्हणतो खाल्ल्या मिठाला जागलं पाहिजे, आणि मिठाला जागणं म्हणजे गप्प बसणं असं त्यानं (आणि शेठनं पण) धरून ठेवलेलं. म्हणजे आपल्याकडे कृतज्ञता आहे, भरपूर आहे, पण ती सगळी खालून वर चाललीय. वरून खाली थेंब येत नाही. आणि खालून वर चढणारी ही कृतज्ञता माणसाचं तोंड बंद करते, हे मला कळायला एक मावशी लागली. ती गोष्ट सांगतो.

डाळ मिल ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तूर येते, चाळून घ्यायची, रोलमधून काढायची म्हणजे सालीला चरे पडतात, मग तेल लावायचं, उन्हात वाळवायची, पाणी मारायचं, परत वाळवायची, परत रोल, मग साल सुटते आणि डाळ पडते. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहितीच आहे, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो, माणसाचा जीव जातो पण डाळीला ते मानवतं. सगळ्यात शेवटी सॉर्टेक्स. पूर्वी बाया बसून हातानं काळे दाणे निवडायच्या, आता मशीन आहे. डाळ वरून पातळ धारेनं खाली येते, कॅमेरा बघतो, डागी दाणा दिसला की हवेचा फटका मारून बाजूला उडवतो. टकटकटकटक असा आवाज दिवसभर. चांगला माल एका तोंडाला, रिजेक दुसऱ्या तोंडाला. त्या रिजेकच्या तोंडाला पोतं लावायचं आणि भरलं की बदलायचं, एवढंच काम आमच्या एका मावशीकडं. आसोद्याकडची बाई, शिक्षण चौथी.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात, पाऊस चालू, हवा अशी दमट की पापड मऊ पडावा. मावशी माझ्याकडं आली, पदर खोचलेला, तळहातावर मूठभर डाळ, अंगठ्यानं ती पसरवत म्हणाली, “भाऊ, एक सांगू का? रिजेकच्या पोत्यात चांगली डाय जाऊन राह्यली.” मी स्क्रीनकडं पाहिलं, स्क्रीनवर सगळं हिरवं. मी म्हटलं मावशी, हे लाखो रुपयांचं मशीन आहे, त्याला कॅमेरे आहेत, ते चुकतं आणि तुम्ही बरोबर का? तुम्ही आपलं पोतं बघा. आणि हे मी हळू नाही म्हटलं, सगळ्यांसमोर, मशीनच्या आवाजावर आवाज चढवून म्हटलं, चारदोन पोरं हसली पण. ती काही बोलली नाही. मूठ परत पोत्यात सोडली आणि गेली.

अकरा दिवसांनी मुनीमजींनी उताऱ्याचा हिशोब काढला तर आकडा बसेना. तूर तीच, रोल तेच, डाळ कमी. कंपनीचा इंजिनियर आला, त्यानं आधी काय केलं माहितीये? रिजेकच्या पोत्यात हात घातला, मूठभर डाळ तळहातावर घेतली आणि अंगठ्यानं पसरवली. सेम टू सेम मावशीसारखी. मला तिथंच कसंतरी झालं. मग त्यानं मशीन उघडलं, कॅमेऱ्यापुढच्या काचेवरचा वायपर झिजलेला, काचेवर डाळीच्या भुकटीचा थर, आणि वर कंप्रेसरचं पाणी वेळच्या वेळी सोडलेलं नाही म्हणून हवेच्या लाइनीत ओल, फटका बसायचा तिथं बसत नव्हता. रिजेक माल आम्ही चुनीबरोबर (डाळीचा चुरा) ढोरांच्या खाद्याला विकतो. म्हणजे अकरा दिवस कोणाच्या तरी गोठ्यातल्या म्हशी आमची एक नंबर तूरडाळ खात होत्या. नुकसान किती झालं ते सांगत नाही, शेठ हे पत्र वाचेल.

आता पुढचं नीट वाचा कारण लेखात राहिलेली गोष्ट ती हीच. शेठला सगळं कळल्यावर त्यानं मनाचा मोठेपणा दाखवला, १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर मावशीला पुढं बोलावलं, साडी दिली, नारळ दिला, टाळ्या, फोटो, फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर, पन्नास अंगठे. मला वाटलं आता काय, आता सगळे बोलायला लागतील, एक मावशी बोलली तर साडी मिळाली. कसलं काय. उलट बाया मावशीला चिडवायला लागल्या, सायबीण आली सायबीण. आणि मावशी जी गप्प झाली ती गप्पच. महिनाभरानं पाण्याच्या टाकीपाशी मी तिला विचारलं की मावशी आता का काही सांगत नाही. हात धुता धुता, माझ्याकडं न बघता म्हणाली, “साडी शेठनं दिली भाऊ. वरडले तं तुम्ही व्हते ना.”

बघा म्हणजे. ज्यानं तोंड बंद केलं त्यानंच ते उघडायला पाहिजे होतं, आणि मी तर टाळ्या वाजवून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळी सगळे उभे असताना मी म्हटलं की त्या दिवशी मावशी बरोबर होती, मी चुकलो, तिनं सांगितलं तेव्हा मशीन बघितलं असतं तर अकरा दिवस वाचले असते, मावशी तुमचे आभार आणि परत काही दिसलं तर मला सांगा. दहा सेकंदाचं काम. कान असे तापले होते की विचारू नका. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, मावशी पण काही बोलली नाही, पोतं उचललं आणि गेली. पण दुपारी डबा खाताना तिनं माझ्या डब्यात लोणच्याची फोड टाकली, आता ज्याला समजायचं त्याला समजलं.

तरी खरा फरक पडला तो त्याच्या नंतर, आणि तो एका चुकीच्या सूचनेनं पडला. एक हेल्पर पोरगा, चोपड्याकडचा, सातपुड्याच्या पायथ्याचा, पावरा आदिवासी समाजाचा. त्याची मराठी अडखळत, म्हणून आम्ही त्याला मठ्ठ समजायचो (आमचीच अक्कल). तो एक दिवस धावत आला की एलिव्हेटरचा (त्यानं माल वर चढतो) आवाज बदललाय, पट्टा घसरतोय. मी लाइन थांबवली. पाऊण तास गेला, पट्टा उघडून पाहिला, पट्टा ठणठणीत. सगळे माझ्या तोंडाकडं बघतायत, आता भाऊ याला धुणार. जिभेवर आलं पण होतं, खोटं कशाला बोलू. पण मावशी समोरच उभी. मी म्हटलं, बरं केलं सांगितलं, आवाज बदलला होता हे खरं आहे, पट्ट्याचा नसेल तर कशाचा आहे ते शोध, आणि पुढच्या वेळी पण असाच ये. संध्याकाळपर्यंत त्यानंच शोधून काढलं, वरच्या कव्हरचा पत्रा ढिला होऊन थरथरत होता. म्हणजे तसं किरकोळच. पण त्या दिवसानंतर लोक बोलायला लागले. बरोबर निघालेल्याचे आभार सगळेच मानतात हो, चुकलेल्याला पण हाकलत नाहीत हे दिसलं तेव्हा त्यांना भरवसा आला. त्याच पोरानं मग वाळवणाच्या ढिगावर ताडपत्री टाकताना सांगितलं की वारा इकडून येतो, दुमड तिकडं ठेवा. आम्ही वर्षानुवर्षं उलटी ठेवत होतो आणि मग पाऊस आत गेला की पावसाला शिव्या देत होतो.

माझी पोरगी पुण्याला हिंजवडीत आयटीत आहे. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली पप्पा यावर जगात लोकांनी पुस्तकं लिहिलीत, आणि मग तिनं मला एकेक पाठवायला सुरुवात केली, रात्री झोपायच्या वेळेला. त्यातली विमानाची गोष्ट डोक्यातून जात नाही. २७ मार्च १९७७, स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचं विमानतळ, धुकं. एक विमान उडायला निघालं आणि दुसरं अजून त्याच धावपट्टीवर. निघालेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनियरनं विचारलं की ते दुसरं विमान अजून धावपट्टीवरच तर नाही ना. कॅप्टन त्या कंपनीतला फार मोठा माणूस, बाकीच्यांना शिकवणारा, त्यानं ठासून सांगितलं की नाही, गेलं ते. इंजिनियर पुढं काही बोलला नाही. दोन्ही विमानं धडकली, ५८३ माणसं मेली. त्याच्यानंतर विमान कंपन्यांनी कॉकपिटमधल्या लोकांना मुद्दाम ट्रेनिंग द्यायला सुरुवात केली की ज्युनियरनं शंका बोलून दाखवायची आणि कॅप्टननं ती ऐकून घ्यायची. म्हणजे ऐकून घेणं पण शिकवावं लागतं. मला वाटलं आमच्या मिलमध्ये फक्त म्हशींचं पोट भरलं, नशीब.

टोयोटाचं पण तसंच. तिथं लाइनीवर दोरी असते, कामगाराला काही खटकलं की ओढायची, टीम लीडर धावत येतो, प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते, आणि दोरी ओढली म्हणून खेकसायचं नाही ही तिथली शिस्त. कामगारांच्या सूचना घ्यायची पद्धत तर त्यांनी १९५१ सालीच सुरू केली. आपल्याकडे पण सूचना पेट्या असतात म्हणा, आमच्या ऑफिसबाहेर पण एक आहे, तिला कुलूप आहे आणि किल्ली मागच्या मॅनेजरबरोबर गेली.

आणि हार्वर्डच्या एमी एडमंडसन बाईंचं एक. त्यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम पाहिल्या, वाटलं होतं चांगल्या टीममध्ये औषधाच्या चुका कमी असतील, आकडे आले उलटे. चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त! मग लक्षात आलं की तिथली माणसं चुका लपवत नव्हती, मोकळेपणानं सांगत होती, म्हणून त्या दिसत होत्या. हे वाचल्यावर मी आमच्या रजिस्टरकडं पाहिलं, वर्षभर ‘तक्रार निरंक’. आधी मला त्याचा अभिमान होता.

पोरीच्या कंपनीत तरी काय दिवे लागलेत म्हणा. तिथं अप्रिशिएशन मेल निघतात, शंभर जण सीसीत, अमक्यानं शनिवार-रविवार काम केलं म्हणून कुडोज, म्हणजे शाबासकी. आणि तिच्याच टीममधल्या एका मुलीनं म्हटलं होतं की हे सॉफ्टवेअर या आठवड्यात लाइव्ह करू नका, टेस्टिंग झालेलं नाही, तर तिच्या रिव्ह्यूमध्ये ‘निगेटिव्ह अॅटिट्यूड’. पुढं ते सॉफ्टवेअर बसलं, मग ज्यांनी रात्र जागून ते उठवलं त्यांना मेल. जिनं आधी सांगितलं तिला कोणी साधा मेसेज केला नाही. म्हणजे आग विझवणाऱ्याला हार आणि आधी धूर दिसतोय म्हणणारी मात्र कटकटी.

उशिरा मानलेल्या आभारांचं काय होतं ते पण आपण पाहिलंय. आणीबाणीत १९७६ ला सुप्रीम कोर्टात खटला होता की सरकारनं डांबलेल्या माणसाला कोर्टात दाद मागता येते का, पाच न्यायमूर्ती होते, चार सरकारच्या बाजूला, एकटे एच. आर. खन्ना म्हणाले की माणसाच्या जगण्याचा हक्क असा काढून घेता येत नाही. पुढच्या वर्षी त्यांना डावलून ज्युनियर न्यायमूर्तीला सरन्यायाधीश केलं, त्यांनी राजीनामा दिला. त्या चौघांचा निकाल चुकीचा होता असं त्याच कोर्टानं म्हटलं ते २०१७ ला. एकेचाळीस वर्षं. तेव्हा खन्ना साहेब हयात पण नव्हते. आमच्या मावशीला मी महिनाभर लावला तर ती गप्प झाली होती.

आता कोणी म्हणेल की सगळ्यांचं ऐकत बसलं तर काम कधी करायचं. बरोबर आहे. दहातल्या सात सूचना आमच्याकडं होत नाहीत, कधी पैसे नसतात, कधी जमत नाही, कधी सूचनाच येडी असते. पण नाही का केलं ते दोन वाक्यात सांगतो मी आता, आणि सांगायला आला त्याचं बरं वाटलं हे पण सांगतो, नेमकं काय आवडलं ते धरून. नुसतं ‘व्हेरी गुड व्हेरी गुड’ म्हटलं की माणसाला कळतं, पोळ्याला बैलाला झूल घालतात आणि दुसऱ्या दिवशी परत जुंपतात तसं. आणि हो, आभार पगाराच्या जागी नकोत. कारखाना कायद्यात १९४८ लाच ओव्हरटाइमला दुप्पट दर लिहिला गेला, तो देऊन मग थँक्यू म्हणा, थँक्यूमध्ये वळता करू नका.

वेगळं बोलणं आपल्याला जमत नाही अशातला भाग नाही. आमच्याकडं हिवाळ्यात भरीत पार्टी असते, वावरात काड्यांवर वांगी भाजायची, बडगीत मुसळीनं ठेचायची, सोबत कळण्याची भाकरी. (आमच्या भरताच्या वांग्याला २०१६ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, तुम्ही छापलं असेलच.) तिथं शेठ पण मांडी घालून आमच्या पंगतीत असतो आणि तिथं कोणीही त्याला म्हणतं की शेठ, मिरची कमी टाकली तुम्ही, मागच्या साली भारी होतं. शेठ हसतो, अजून मिरची टाकतो. तोच शेठ, तीच माणसं. दुसऱ्या दिवशी मिलमध्ये आले की तोंडाला कुलूप. म्हणजे दोष जिभेचा नाही, जागेचा आहे. केळीवाल्यांचं बघा, कोणी पावसाळ्याच्या सुरुवातीला मृगबाग लावतो, कोणी पावसाळ्यानंतर कांदेबाग, एकाच बांधाला दोन मतं, कोणी कोणाला गद्दार म्हणत नाही, उलट सगळ्यांनी एकदम लावली तर भाव पडेल हे सगळ्यांना समजतं. हेच ऑफिसच्या टेबलावर आलं की आपल्याला का झोंबतं देव जाणे.

आमच्याकडं आता सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं उभ्यानं चहा असतो. फळ्यावर एक ओळ लिहितो, काल कोण काय वेगळं बोललं. कधी रिकामी राहते, पूर्वी मी काहीतरी भरून टाकायचो, आता रिकामी तर रिकामी. तुमच्या पेपरला विनंती अशी की चांगला कामगार, आदर्श कर्मचारी असले सत्काराचे फोटो छापता त्यात कधीतरी हे पण विचारा की साहेबाला शेवटचं ‘नाही’ कधी म्हणाला होता, आणि मग साहेब काय म्हणाले.

हे पत्र चहाच्या वेळेला अर्धं वाचून दाखवलं. बाकीचे म्हणाले भारी आहे भाऊ, पाठवा. मावशी म्हणाली, “पेपरात लिहून काय व्हतं भाऊ, तिकडं गोडाऊनचा पत्रा गयून राह्यला, दोन दिवसांपासून सांगते मी.” दोन दिवस मी पत्र लिहीत बसलो होतो हे खरं आहे. थँक्यू मावशी म्हटलं, आता शिडी घेऊन तिकडंच निघालोय.

आपला,
एक वाचक,
जळगाव